पाकीट कुणाच्या हातात आहे?

प्रश्न: आम्ही ठाण्यातली हौशी नाट्यमंडळी. लॉरेन हॅन्सबेरी यांच्या 'अ रेझिन इन द सन' या नाटकाचं मराठी रूपांतर राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवतोय. वाचन झालं की प्रत्येक वेळी तीच प्रतिक्रिया येते: आई देवमाणूस, मुलगा खलनायक. पैशावरून होणारी भांडणं तालमीत नुसती आरडाओरड वाटतात. शिकागोचा वर्णभेद ठाण्यात कसा आणायचा, की सरळ गरीब-श्रीमंत करून टाकायचं, यावर आमच्यात दोन तट पडलेत. घणसोलीचा एक सहकारी म्हणतो, कुटुंब आगरी करा आणि पैसा साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचा, म्हणजे सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळालेल्या प्लॉटचा दाखवा. दोन अंक करताना मध्यंतर कुठे घ्यावं, हेही सांगा.

उत्तर:

तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी मला त्यामागे एकच अडचण दिसते. मंडळींनी या नाटकातला पैसा अजून मोजलेला नाही. संवाद पाठ झाले असतील, स्वभाव ठरले असतील, नेपथ्याचं चित्रही कागदावर उतरलं असेल. पण एखादा प्रसंग मध्येच थांबवून 'आत्ता या घरात किती पैसे आहेत, ते कुणाचे आहेत आणि कुणाच्या हातात आहेत?' असं विचारलं तर किती नट पटकन सांगू शकतील? हे नाटक त्या हिशेबावर उभं आहे. स्वप्नं, अभिमान, आई-मुलाची ओढाताण हे सगळं त्या आकड्यांतून वर येतं. तेव्हा आधी हिशेब करू.

शिकागोच्या दक्षिण भागातलं यंगर कुटुंब. एक खिडकी असलेली कोंदट जागा, बाथरूम बाहेर पॅसेजमध्ये आणि तेही शेजाऱ्यांबरोबर सामायिक, दहा-अकरा वर्षांचा नातू बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतो. घरातला कर्ता पुरुष राबून राबून गेला आहे आणि त्याच्या विम्याचे १०,००० डॉलर येणार आहेत. आई लीनाला घर हवं आहे. मुलगा वॉल्टर ली गोऱ्या साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, त्याला दोघा भागीदारांबरोबर दारूचं दुकान टाकायचं आहे. मुलगी बेनिथाला डॉक्टर व्हायचं आहे. सून रूथ लोकांच्या घरी काम करते, तिला दिवस गेले आहेत. आई ३,५०० डॉलर भरून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. उरलेले ६,५०० मुलाच्या हवाली करते: ३,००० बहिणीच्या शिक्षणासाठी बँकेत ठेव, बाकीचे तुझ्या नावावर. तो सगळेच्या सगळे भागीदाराला देऊन बसतो आणि भागीदार पळून जातो. त्याच दिवशी त्या वस्तीचा प्रतिनिधी येऊन गेलेला असतो. तुम्ही येऊ नका, घर आम्ही जास्त पैसे देऊन परत घेतो, असं सांगून. आता तो पैसा घ्यायचा की नाही, हा शेवटचा अंक. ११ मार्च १९५९ला हे नाटक ब्रॉडवेवर आलं, तेव्हा लेखिका २८ वर्षांची होती. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं नाटक ब्रॉडवेवर येण्याची ती पहिलीच वेळ होती. पहिल्या निर्मितीचे ५३० प्रयोग झाले.

दहा हजारांचं हे भांडण लेखिकेने सुरू कुठून केलं आहे, ते बघा. पन्नास सेंटपासून. सकाळची वेळ, बाथरूमसाठी घाई, नातू ट्रॅव्हिस शाळेत न्यायला पन्नास सेंट मागतो. रूथ म्हणते, नाहीत. वॉल्टर हे ऐकतो, पोराला बायकोदेखत पन्नास सेंट देतो आणि वर आणखी पन्नास देतो. बाप म्हणून छाती पुढे. पोरगा खूश होऊन जातो. मग वॉल्टर कामावर निघतो, दारापर्यंत जातो आणि परत येतो, कारण गाडीभाड्यालाही खिशात काही उरलेलं नाही. बायकोकडे मागावे लागतात. ती देते. पुढचं सगळं नाटक या लहानशा प्रसंगात आलेलं आहे: मुलासमोर मोठं दिसायची गरज, त्यासाठी नसलेला पैसा वाटून टाकणं आणि शेवटी घरातल्या बाईपुढे हात पसरणं. तुमच्या संहितेत हा प्रसंग 'सकाळची लगबग' म्हणून दोन वाक्यांत उरकला असेल तर परत लिहा. नाण्यांचा आवाज शेवटच्या रांगेला ऐकू आला पाहिजे. नाणं टेबलावर ठेवायचं, हातात द्यायचं की पुढे सरकवायचं, हे रूथच्या नटीने ठरवावं आणि प्रत्येक तालमीत तेच करावं.

आता आरडाओरडीचं. ठाण्यातल्या हौशी मंडळींत हा दोष मी वर्षानुवर्षं बघतोय आणि त्याचं कारण नटांचा घसा हे नसतं. भांडण कशावरून चाललंय हे नटाला आतून माहीत नसलं की तो आवाजाने भरपाई करतो. एक तालीम फक्त हिशेबाची ठेवा. प्रत्येकाने वही घ्यायची आणि आपल्या पात्राची कमाई, देणं, लपवलेला पैसा, कुणाकडून घेतलेले आणि न फेडलेले पैसे असं सगळं लिहून काढायचं. संहितेत पैशाचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे खूण करायची. मग ते प्रसंग बसून, हळू आवाजात म्हणायचे. तुमच्या लक्षात येईल की घरातली माणसं पैशाबद्दल बोलताना सहसा आवाज खाली आणतात, कारण भिंती पातळ असतात आणि शेजारी ऐकतात. वागळे इस्टेटच्या चाळीत तर जास्तच. आवाज चढतो तो पैशावरून आपली लायकी काढली गेली की. पूर्ण नाटकात अशा जागा मोजक्याच आहेत. त्या सापडल्या की बाकीची ओरड आपोआप गळून पडेल.

नाटक आईचं की मुलाचं, हा वाद पहिल्या निर्मितीतही होता. वॉल्टर करणाऱ्या सिडनी पॉइटियरचं ठाम मत होतं की नाटक मुलाच्या बाजूने उलगडलं पाहिजे. आईचं काम करणाऱ्या क्लॉडिया मॅकनील तितक्याच ताकदीच्या. तुमच्या वाचनात आई देवमाणूस होते, कारण तिची चूक कुणी खेळत नाही. तिने घर घेतलं तेव्हा कुणालाही विचारलं नाही. नवऱ्याच्या मरणाचा पैसा आला आणि तिने एकटीने निर्णय घेऊन टाकला, हेतू कितीही चांगला असो. कर्त्या वयाच्या मुलाचं स्वप्न तिने एका दुपारी, बाहेर जाऊन, त्याला न सांगता संपवलं. नंतर तीच कबूल करते की जग जे मुलाशी करत आलं तेच आपणही केलं. हे कबूल करणारी आई खेळायची तर आधी चुकणारी आई खेळावी लागते. घर घेतल्याचं ती सांगते तेव्हा तिने मुलाकडे बघणं टाळावं, एवढं जरी नटीने केलं तरी प्रेक्षक वॉल्टरकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतील.

आणि घर तिथेच का घेतलं? बंड म्हणून अजिबात नाही. काळ्यांसाठी लांब कुठेतरी बांधलेली घरं तिला दुप्पट महाग पडत होती. कमी पैशांत कुटुंबासाठी जे चांगलं मिळालं ते तिने घेतलं. पुन्हा हिशेबच. रूपांतरात हे कारण हरवलं की आई चळवळीची प्रतीक होऊन बसते आणि मग तिच्या तोंडी भाषणं येतात.

नाटकाचा कणा म्हणजे पाकिटाचा प्रसंग. वॉल्टर तीन दिवस कामावर गेलेला नाही, दारूच्या गुत्त्यात बसून आहे. आई त्याला शोधत येत नाही, बसवून शिकवत नाही. ती पाकीट काढून त्याच्यासमोर ठेवते आणि सांगते, यातले एवढे बहिणीचे, बाकीचे तुझ्या नावावर, आजपासून या घराचा कर्ता तू. माझ्या बघण्यात नट इथे पाकीट लगेच उचलतात. उचलू नका. पाकीट टेबलावर राहू द्या. त्याला वर्षानुवर्षं हवं होतं ते समोर पडलंय आणि हात पुढे जात नाही, कारण ते मागून मिळालेलं नाही, भांडून मिळालेलं नाही. आईने विश्वास टाकला आहे, आणि विश्वासाची त्याला सवय नाही. आई आत निघून गेल्यावरच पाकिटाला हात लागावा. पैसे मोजू नयेत. मोजण्याने तो हावरट दिसतो आणि तो हावरट नाही.

आता ठाण्याकडे येतो. गरीब-श्रीमंत करू नका. या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. यंगर कुटुंबाला त्या वस्तीत नको म्हणतात ते गरीब म्हणून नाही. त्यांनी पैसे मोजून घर घेतलंय. नको आहे ते त्यांचं जन्माने असलेलं असणं. लेखिकेच्या घरातच हे घडलं होतं. १९३७च्या सुमारास तिच्या वडिलांनी शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं, जमाव घरावर चालून आला, दगडविटांच्या माऱ्यातून लहानगी लॉरेन थोडक्यात वाचली. गोऱ्या घरमालकांनी आपापसांत करार केले होते की काळ्या माणसाला घर विकायचं नाही. त्याविरुद्धचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४० साली वडिलांच्या बाजूने निकाल लागला. आपल्याकडे याला समांतर शब्द जात हाच आहे. कुटुंब बौद्ध करा. वडील १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून ठाण्याला आले, वागळे इस्टेटच्या कंपनीत लागले, किसन नगरच्या चाळीत राहिले. लीनाही दक्षिणेतून, जिवाच्या भीतीपासून आणि अपमानापासून दूर म्हणून उत्तरेत आलेली आहे. ही दोन स्थलांतरं एकमेकांना चांगली जवळची आहेत. आणि घर नौपाड्यात घ्या. गडकरी रंगायतनला प्रयोग बघायला येणारा कितीतरी प्रेक्षक त्याच नौपाड्यातून, पाचपाखाडीतून चालत आलेला असतो. त्याला हे नाटक आपल्या जिन्यातलं वाटलं पाहिजे.

सून कुठे काम करते? नौपाड्यातच, पोळ्या लाटायला. जिथे ती मागच्या दाराने जात आली तिथेच आता शेजारीण म्हणून जाणार. मूळ नाटकात हे नाही, पण ठाण्यात ते आपसूक येतं आणि यायलाच हवं.

गोऱ्यांच्या वस्तीचा तो प्रतिनिधी, कार्ल लिंडनर, तुमच्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी होईल. त्याला दुष्ट करू नका. मूळचा लिंडनर अवघडलेला, सभ्य, काळजीने बोलणारा माणूस आहे आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. आपला सेक्रेटरी जातीचा शब्द तोंडातून काढणार नाही. 'आपापल्या लोकांत बरं असतं', 'मुलांना इथे करमणार नाही', 'आम्ही तुमच्या सोयीचंच बघतोय' असं म्हणेल. चहा घेईल का? हे ठरवा. माझ्या मते त्याने चहा घ्यावा, पूर्ण प्यावा, कप खाली ठेवावा आणि मग प्रस्ताव मांडावा. चहा नाकारणारा सेक्रेटरी प्रेक्षकाला सोपा जातो, 'मी काही असा नाही' म्हणून तो सुटतो. चहा पिणाऱ्यापासून सुटका नाही.

बौद्ध कुटुंब केल्यावर काही गोष्टी फार सुंदर जुळतात आणि एक मुळीच जुळत नाही. दारूचं दुकान जुळतं. आईचा विरोध तिच्या पंचशीलातून येतो, पाचवं शीलच मद्यापासून दूर राहण्याचं आहे. परवान्यासाठी पैसे चारायचे, हा मूळ नाटकातला तपशील तर भाषांतराशिवाय ठाण्यात उतरतो. मुलगीही जुळते: तिच्या मागे दोघं, एक चळवळीतला मुलगा, एक वर्ग एकच्या अधिकाऱ्याचा, आणि ती दोघांच्याही साच्यात बसत नाही. खिडकीतलं आईचं रोप मात्र तुळशीचं करू नका. हात आपोआप तिकडे जाईल, पण या घरात ते चुकीचं आहे. डालड्याच्या डब्यात लावलेला, धड न वाढणारा मोगरा पुरेसा आहे.

जुळत नाही तो थपडेचा प्रसंग. मूळ नाटकात बेनिथा देव नाही म्हणते, आई तिच्या थोबाडीत मारते आणि या घरात देव आहे हे तिच्याकडून वदवून घेते. बौद्ध घरात हे वाक्यच निकामी आहे, बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात देवाला जागा नाही. मग ही आई कशाने दुखावेल? देवाऐवजी फोटोचा अपमान घालायचा मोह होईल, पण तो प्रसंग खोटा होईल, अशी मुलगी तसं करणार नाही. मला वाटतं ती ऋण नाकारेल. 'मी माझ्या हुशारीवर शिकले, कुणाच्या उपकारावर नाही' एवढं एक वाक्य. ज्या बाईच्या नवऱ्याने यंत्रावर उभं राहून मुलीची फी भरली, जिच्या समाजाला शाळेचं दार कुणीतरी उघडून दिलं, तिला हे सहन होणार नाही. थप्पड तिथे बसेल.

सुनेच्या गरोदरपणाचंही बघा. मूळ नाटकात ती चोरून गर्भपाताच्या वाटेला लागते, पाच डॉलर आगाऊ देऊन येते, आणि तेव्हा तिथे तो गुन्हा होता. आपल्याकडे १९७१च्या कायद्याने गर्भपाताला कायदेशीर वाट आहे. त्यामुळे ठाण्यात गुन्ह्याची भीती उरत नाही. उरतो तो एकच प्रश्न: या खोलीत आणखी एक जीव झोपणार कुठे? तो प्रश्न नेपथ्यातून दिसला पाहिजे. गाद्या घालण्याचं आणि गुंडाळण्याचं काम रंगमंचावर प्रत्यक्ष होऊ द्या.

काळ कुठला, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळ्यात आधी तेच ठरवायला हवं. आजचा काळ घेतलात तर विम्याची रक्कम थेट खात्यात येते, मोबाइलवर एक मेसेज वाजतो आणि सगळं कुटुंब पोस्टमनची वाट बघतंय हा प्रसंगच मरतो. १९९४ घ्या. तेव्हा आयुर्विमा म्हणजे फक्त एलआयसी, चेक रजिस्टर्ड पोस्टाने, सही करून घ्यायचा. त्याच वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं. मराठवाड्यातून आलेल्या या घरात ती बातमी भिंतीवरच्या कॅलेंडरइतकी हजर असेल, तिच्यासाठी वेगळा संवाद लिहायची गरज नाही. त्याच वर्षी महाराष्ट्राने कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. शिकलेल्या मुलीच्या कानावर ते आलेलं असेल.

आणि इथे कायद्याने तुमच्या नाटकाला एक गोष्ट देऊ केली आहे, जी मुळात नाही. मूळ नाटकात विम्याचा पैसा निखळ आईचा आहे. ठाण्यात, १९९४ साली, तसं नव्हतं. पॉलिसीवर बायकोचं नाव नॉमिनी म्हणून असलं तरी नॉमिनी रक्कम स्वीकारते, मालक ठरत नाही, वारसांचे हक्क तसेच राहतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सांगितलं होतं. (२०१५च्या दुरुस्तीने पती-पत्नी, आई-वडील, मुलं नॉमिनी असतील तर त्यांची स्थिती बदलली, हे आजच्या काळात नाटक नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगा आणि मुलगी यांचे सारखे वाटे. म्हणजे तुमचा मुलगा जेव्हा 'त्यात माझाही हिस्सा आहे' असं म्हणेल, तेव्हा तो कायद्याने बरोबर असेल!

आता आईने केलेली वाटणी बघा. १०,००० मधले ३,५०० घराला, ३,००० मुलीला, ३,५०० मुलाला. जवळपास तीन सारखे वाटे. तुमच्या ठाण्यातल्या आईने वकिलाचं तोंड न बघता कायद्याचाच हिशेब केला, आणि स्वतःचा वाटा सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर घालायला वापरला. रक्कम तुम्ही तुमची ठरवा, एक लाख घ्या हवं तर, पण हे प्रमाण मोडू नका. मुलगा खलनायक आहे का, या प्रश्नाचं उत्तर याच प्रमाणात आहे. त्याने स्वतःचा वाटा बुडवला, ते त्याचं दुर्दैव. विश्वासू भागीदार निघून गेला, असं कुणाच्याही बाबतीत होतं. पण बहिणीचा वाटा त्याच पाकिटात होता आणि तोही त्याने देऊन टाकला. त्याचा अपराध नेमका एवढाच आहे, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. नटाने हे समजून घेतलं की त्याला पश्चात्तापाचा उमाळा आणावा लागणार नाही. त्याला फक्त बहिणीकडे बघता येणार नाही. प्रेक्षकांना हे कळावं म्हणून पाकिटात आत दोन वेगळी पाकिटं ठेवा, एकावर आईने मुलीचं नाव लिहिलेलं. भागीदाराच्या पलायनाची बातमी येईल तेव्हा प्रेक्षक त्या नावाचा विचार करत असेल.

घणसोलीच्या सहकाऱ्याला सांगा की त्यांच्याकडे सोनं आहे, पण ते या नाटकाचं नाही. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या, जानेवारी १९८४ला जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं गेली, त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. त्या प्लॉटवरून किती घरं फुटली हे ऐरोली ते उरण कुणालाही विचारा. भाऊ-भाऊ, चुलते-पुतणे, आणि हक्कसोडपत्रावर सही करायला सासरहून बोलावलेल्या बहिणी. पण यंगर कुटुंब दुसऱ्यांच्या वस्तीत जागा मागतंय, आणि घणसोलीच्या माणसाच्या दारात शहरच चालून आलं. तिथे सेक्रेटरी नाही, लिंडनर नाही, शेवटचा नकार कुणाला द्यायचा तो माणूसच रंगमंचावर नाही. ओढूनताणून बसवलंत तर दोन्ही गोष्टींवर अन्याय होईल. बहीण सहीसाठी आली आहे, जेवणाचं ताट वाढलं आहे, कागद ताटाशेजारी ठेवला आहे, इथून सुरू होणारं नवं नाटक त्या सहकाऱ्याने लिहावं. मनापासून सांगतो, वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात ते बघायला मी पहिल्या रांगेत बसेन.

शेवटच्या दोन प्रसंगांबद्दल थोडं. पैसे बुडाल्याची बातमी आणणारा दुसरा भागीदार बोबो हे पाच-सात मिनिटांचं काम आहे आणि हौशी संस्थांत ते उरलेल्या नटाला जातं. तुमच्यातला उत्तम नट तिथे घाला. त्याची स्वतःचीही पुंजी बुडाली आहे आणि तरी ज्याचे जास्त गेले त्याला सांगायला तो आला आहे. तो जितका वेळ घेईल तितकं घर कोसळताना दिसेल. त्यानंतर आई मुलाला मारते ते एखाद्या परक्याकडे बघावं तशा नजरेने, आणि मग आपला नवरा रात्री कसा थकून यायचा ते तिला आठवतं. तिथे पार्श्वसंगीत नको.

नकाराचा प्रसंग टाळ्यांसाठी लिहू नका. वॉल्टरने लिंडनरला परत बोलावलं आहे ते पैसे घ्यायलाच. त्यासाठी कसं वाकायचं, याचा सरावही त्याने घरच्यांसमोर करून दाखवला आहे, आणि तो बघवत नाही. आई एकच गोष्ट करते: नातवाला बाहेर जाऊ देत नाही. बघू दे त्याला, बाप काय करतो ते. मग शब्द अडखळतात. आम्ही साधी माणसं, माझे वडील मजूर होते, आम्ही इथे राहायला येणार, कारण वडिलांनी ते कमावलंय. एवढंच. मूळ लेखनात तो मोठा वक्ता होत नाही, तुमच्याकडेही होऊ नये. पहिल्या प्रवेशात पन्नास सेंट घेऊन गेलेला मुलगा इथे बापासमोर उभा आहे, प्रेक्षकाला जोडायचं ते तो जोडेल. आणि हा नकार महाग आहे याची जाणीव राहू द्या. पैसे गेलेलेच आहेत, हप्ते भरायचे आहेत, सून पोर पाठीला बांधून राबायला तयार आहे. बेनिथाची फी कुठून येणार, हे नाटक सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

मध्यंतर पाकिटाच्या प्रसंगावर घ्या. आई आत गेली, पाकिटाला हात लागला, मग वॉल्टर मुलाला जवळ घेऊन पुढच्या दिवसांची चित्रं रंगवतो आणि पडदा. प्रेक्षक चहा-वड्याला बाहेर पडेल तो त्याच्या बाजूने झालेला असेल, आणि दुसऱ्या अंकात तुम्हाला ते लागणार आहे. सेक्रेटरी दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला, बांधाबांध चालू असताना येऊ द्या. बेनिथाच्या मागे असलेले असागाय आणि जॉर्ज यांचे प्रवेश दोन अंकांत बसवताना एकत्र करता येतील. बाथरूमची रांग, पन्नास सेंट आणि बोबो यांना कात्री लावू नका.

संहिता पक्की झाली की रूपांतराच्या हक्कांची लेखी चौकशी आधी करा, आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे प्रत लवकर पाठवा. दारूच्या परवान्याचे आणि सोसायटीचे संवाद असलेल्या संहितेवर खुलासा मागितला गेला तर उत्तर द्यायला हातात वेळ हवा. लहान मुलाच्या भूमिकेसाठी दोन मुलं तयार ठेवा. तालमी किंवा प्रयोग परीक्षेच्या आसपास आले तर आई-वडील परीक्षेच्या बाजूने उभे राहतात, ते योग्यही आहे.